सारख्या होड्यांची शर्यत

न्यूयॉर्क शहराच्या पूर्वेला लाँग आयलंड नावाचे लांबट बेट आहे. या बेटाच्या आणि मुख्य भूमीच्या मधल्या आश्रित समुद्रात ३० मे १९११ रोजी काही लहान शिडाच्या होड्यांची शर्यत झाली. होड्या कोऱ्या करकरीत होत्या. पोर्ट वॉशिंग्टन या किनाऱ्यावरच्या गावात आइक स्मिथ नावाच्या बांधणाऱ्याने आदल्या हिवाळ्यात एकाच आराखड्यावरून अशा बावीस होड्या तयार केल्या होत्या. शिडावर पाच टोकांची चांदणी होती, म्हणून वर्गाचे नाव ‘स्टार’ पडले. ज्याच्या आग्रहामुळे हा सगळा खटाटोप झाला त्या जॉर्ज कॉरीने आपल्या होडीला ‘लिटल डिपर’, म्हणजे ध्रुवमत्स्य, हे नाव दिले होते.

या बावीस होड्यांत एक गोष्ट मुद्दाम साधलेली होती. त्या सगळ्या सारख्या होत्या. आज यात विशेष वाटत नाही, कारण क्रिकेटची बॅट आणि टेनिसचे मैदान मापात असते हे आपण गृहीतच धरतो. पण त्या काळात होडीची शर्यत ही बरीचशी होडी बांधणाऱ्यांची आणि त्यांना पैसे पुरवणाऱ्यांची शर्यत होती. होडीची लांबी, शिडाचे क्षेत्रफळ, वजन अशा काही मोजमापांचे एक सूत्र असे. त्या सूत्रातून येणारा आकडा ठरावीक मर्यादेत राहिला की होडी पात्र ठरे. मग हुशार आराखडाकार सूत्रातल्या फटी शोधत. सूत्र पाण्यावरची लांबी मोजत असेल, तर उभी असताना आखूड पण कलली की लांब होणारी होडी काढायची. अशी नवी होडी आली की गेल्या वर्षीची मोडीत. ज्याच्या खिशात दरवर्षी नवी होडी बांधण्याइतका पैसा, तोच पुढे.

याला कंटाळून १८८७ साली डब्लिनजवळच्या काही हौशी मंडळींनी ‘वॉटर वॅग’ नावाच्या छोट्या होड्या एकाच नमुन्याच्या बांधायचे ठरवले. थॉमस मिडलटन या गृहस्थाची ही कल्पना. होड्या सारख्या, मग जिंकेल तो खलाशी. आपण शाळेत मटकीच्या दोन कुंड्या घेऊन एकीला उजेडात आणि दुसरीला अंधारात ठेवतो. माती, पाणी, बियाणे मात्र सारखे ठेवतो. मिडलटनने शर्यतीपुरते तेच केले. एक घटक मोकळा सोडायचा आणि बाकीचे बांधून ठेवायचे. हे बांधून ठेवणे किती अवघड असते, याचा स्टार वर्गाएवढा दीर्घ आणि नोंदवलेला इतिहास क्वचितच सापडतो. आम्हाला या होडीत रस वाटला तो त्यामुळे.

स्टारचा आराखडा १९१० साली विल्यम गार्डनर यांच्या कार्यालयात तयार झाला. गार्डनर मोठे नाव होते. १९०५ साली १२ दिवस ४ तासांत अटलांटिक महासागर ओलांडून विक्रम करणारे ‘अटलांटिक’ हे तीन डोलकाठ्यांचे प्रचंड जहाज त्यांचेच. तो विक्रम १९८० पर्यंत टिकला. त्याच कार्यालयात ‘बग’, म्हणजे किडा, या नावाची एक चिमुकली होडी १९०७ मध्ये काढली गेली होती. ती स्वस्त होती, पण इतकी लहान की बसणारे चिंब भिजत. कॉरी आणि त्याच्या मित्रांना तीच होडी थोडी मोठी करून हवी होती. ते काम कार्यालयातल्या फ्रान्सिस स्वाइसगुथ यांनी केले.

स्वाइसगुथ यांच्यापुढची अट खर्चाची होती. गोल पोटाची होडी पाणी चांगले कापते, पण तिच्या फासळ्या आणि फळ्या वाफेवर वाकवाव्या लागतात, त्याला कसबी सुतार लागतो. सपाट तळाची होडी कोणीही ठोकेल, पण ती लाटांवर आपटते. स्वाइसगुथ यांनी मधला मार्ग काढला. होडीचा आडवा छेद घेतला तर तळ हा एका मोठ्या वर्तुळाचा उथळ कंस दिसतो, बाजू जवळजवळ सरळ आहेत, आणि तळ व बाजू जिथे मिळतात तिथे धारदार कड आहे. वर्तुळाचा कंस आखायला दोरी आणि खिळा पुरतो. फळ्या फारशा वाकवाव्या लागत नाहीत. भूमितीने सुताराची मजुरी वाचवली.

होडीची एकूण लांबी ६.९२ मीटर, पण शांत पाण्यात उभी असताना पाण्याला टेकलेली लांबी फक्त ४.७२ मीटर. नाळ आणि मागचे टोक दोन्ही पाण्यावर तरंगत बाहेर आलेले. याचे कारण समजण्यासारखे आहे. पाणी कापत जाणारी होडी स्वतःच लाट उठवते, आणि तिचा वेग वाढत गेला की या लाटेची लांबी वाढत जाते. लाटेची लांबी होडीच्या पाण्यातल्या लांबीएवढी झाली की होडी जणू आपल्याच लाटेच्या खळग्यात बसते, आणि त्यापुढे वेग वाढवणे फार महाग पडते. खोल पाण्यातल्या लाटेचा वेग √(gL/2π) असतो. यात L च्या जागी ४.७२ घातले तर उत्तर सेकंदाला २.७ मीटर, म्हणजे ताशी पावणेदहा किलोमीटरच्या आसपास येते. पण वाऱ्याने होडी कलली की बाहेर आलेली टोके पाण्याला लागतात. ती लांबी सहा मीटर झाली असे मानले तर हाच आकडा ताशी अकरा किलोमीटरवर जातो. सूत्राची जुनी फट स्टारच्याही अंगात होती. फरक एवढाच की ती सगळ्यांना सारखी उपलब्ध होती.

आता तळाखाली पाहू. कोकणातल्या होडीला उलटण्यापासून वाचवायला बाजूला लाकडाची उलांडी बांधतात. तिथे स्थैर्य येते रुंदीमुळे. स्टारची रुंदी जेमतेम १.७३ मीटर, आणि तिच्यावर साडेसव्वीस चौरस मीटर शीड. उजवीकडून आलेला वारा तिला क्षणात आडवी करील. म्हणून तिच्या तळाला एक उभे लोखंडी पाते आणि त्याच्या टोकाला माशाच्या आकाराचा लोखंडी गोळा बसवलेला असतो. यालाच कील म्हणायचे. संपूर्ण होडीचे किमान वजन ६७१ किलो आणि त्यातले सुमारे ४०० किलो कीलचे! जुन्या जहाजांत दगड भरून नीरम करत, त्याचे हे पाण्याखाली लटकवलेले रूप.

कील कसे काम करते ते थोडा हिशेब मांडून पाहण्यासारखे आहे. आठवी-नववीच्या वर्गात सहज होईल. लोखंड पाण्याच्या सुमारे सातपट जड, तेव्हा आर्किमिडीजच्या नियमाने ४०० किलोंतला सातवा हिस्सा वजा करून ३४५ किलो धरू. कीलचा गुरुत्वमध्य होडीच्या कलण्याच्या अक्षापासून ०.८ मीटर खाली आहे असे समजू. होडी ५ अंश कलली की कील तिला सरळ करायला सुमारे २३५ न्यूटन-मीटर आघूर्ण लावते. २० अंश कलली की ९२५ न्यूटन-मीटर. आणि होडी अगदी सरळ असेल तर शून्य! कील मदतीला येते ती होडी कलल्यावर. पण कललेल्या होडीचे शीड वारा नीट पकडत नाही आणि ती बाजूला घसरतेही. ११० किलोंचा माणूस काठावरून बाहेर लोंबकळला आणि त्याचा गुरुत्वमध्य मधल्या रेषेपासून १.२ मीटरवर गेला, तर तो एकटा जवळजवळ १३०० न्यूटन-मीटर लावतो, आणि तेही होडी सरळ असतानाच. होडीच्या पोटाच्या आकाराने मिळणारे स्थैर्य आम्ही इथे सोडून दिले आहे, पण मुद्दा कळायला एवढे पुरे. स्टारवर दोनच माणसे असतात. एक सुकाणू धरतो आणि दुसरा पुष्कळ वेळ पाठ पाण्यालगत नेऊन होडीच्या कडेला अक्षरशः टांगलेला असतो. हा दुसरा माणूस या गोष्टीत शेवटी पुन्हा येणार आहे.

बांधलेले घटक आणि मोकळे घटक यांची खरी ओढाताण सुरू झाली ती शिडांवरून. १९११ ची स्टार आज कोणी पाहिली तर ओळखणार नाही. तिची डोलकाठी आखूड होती आणि तिच्यावर दुसरी काठी सरकवून शीड उंच करत. खालच्या कडेची आडवी काठी, म्हणजे बूम, होडीच्या मागे बरीच बाहेर जाई. १९२१ साली एकसंध डोलकाठीचे शीड आले. १९२२ मध्ये या वर्गाची आंतरराष्ट्रीय संघटना स्थापन झाली आणि जॉर्ज कॉरी तिचा पहिला अध्यक्ष झाला. मग १९२९-३० च्या सुमारास उंच डोलकाठीचे आजच्यासारखे अरुंद शीड स्वीकारले गेले. जुन्या होड्यांच्या मालकांना नवी होडी घ्यावी लागली नाही, फक्त काठी आणि कापड बदलावे लागले. पोट जुनेच ठेवून डोके बदलायचे, हे धोरण संघटनेने पुढेही पाळले. एकाच नमुन्याचे इतर अनेक वर्ग त्यांच्या निर्मात्यांबरोबर म्हातारे झाले. स्टार झाली नाही, ती आमच्या मते या धोरणामुळेच.

नियमाने शिडाच्या कडांची लांबी ठरवली होती. शिडाचे पोट किती फुगीर असावे आणि डोलकाठी किती वाकावी, यावर नियम गप्प होता. डोलकाठी वाकवायचीच नसते, ती ताठ उभी राहावी म्हणून तर इतक्या तारा बांधायच्या, अशी सगळ्यांची समजूत. १९३० च्या दशकात हॅम्बर्गच्या वॉल्टर फॉन ह्यूट्शलर याने ही समजूत उलटी केली. त्याच्या ‘पिम’ या होडीची डोलकाठी बारीक आणि लवचीक होती आणि ती शर्यत चालू असताना दोऱ्यांनी वाकवता येई. धनुष्याची कल्पना करा. काठीचा मधला भाग पुढे गेला की शिडाच्या मध्यातले कापड पुढे ओढले जाते, पोट सपाट होते, वरची मागची कड सैल पडून जास्तीचा वारा सोडून देते. सोसाट्याच्या वाऱ्यात असे सपाट शीड हवे. मंद वाऱ्यात काठी पुन्हा सरळ करून पोट भरू द्यायचे. म्हणजे एकाच शिडातून अनेक शिडे. ‘पिम’ने १९३८ आणि १९३९ अशी लागोपाठ दोन वर्षे जागतिक अजिंक्यपद मिळवले. मग सगळ्यांच्याच काठ्या वाकू लागल्या, आणि आज जगभरच्या लहान शर्यती-होड्यांत वाकणारी डोलकाठी ही नेहमीची गोष्ट आहे. ही नियमबाह्य चलाखी होती की शोध? आम्ही तिला शोध म्हणू. नियमाने जे बांधलेले नाही ते मोकळे आहे, आणि मोकळ्या घटकाशी खेळणे हा तर खेळाचाच भाग.

दुसऱ्या महायुद्धानंतर या मोकळ्या घटकाचा पद्धतशीर अभ्यास करणारे लोक आले. सॅन डिएगोचा लोवेल नॉर्थ हा विमान उद्योगातला अभियंता. १९५० च्या दशकाच्या अखेरीस त्याने शिडे शिवायचा व्यवसाय सुरू केला. अंदाज आणि हातोटी यांवर चालणाऱ्या या धंद्यात त्याने कापडाचा ताण मोजणे, चाचण्या घेणे, नोंदी ठेवणे आणले, आणि त्याच्या प्रयोगाची होडी होती स्टार. १९६८ साली मेक्सिकोच्या ऑलिंपिकमध्ये त्याने पीटर बॅरेटसह स्टारचे सुवर्णपदक घेतले.

लाकडाच्या जागी १९६० च्या दशकात काचतंतू आणि राळ यांची होडी आली, तेव्हा बांधून ठेवलेले घटकही सुटू लागले. लाकडी होडीत मापे थोडी इकडेतिकडे होणारच, म्हणून नियमात प्रत्येक मापाला काही मिलिमीटरची सूट होती. ही सूट सुताराच्या चुकीसाठी होती. साच्यातून होडी काढणाऱ्याला मात्र ती हवी त्या दिशेने पुरेपूर वापरता येते: इथे कड थोडी वर, तिथे तळ थोडा सपाट. सगळी मापे मर्यादेतच, तरी होडी वेगळी. आमच्यासारख्या प्रयोगशाळेत वावरणाऱ्यांना हा धडा ओळखीचा आहे. यादृच्छिक त्रुटीसाठी ठेवलेली जागा पद्धतशीर त्रुटीने व्यापली की सरासरी फसवते.

याला एक उपाय म्हणजे सगळ्यांनी एकाच मूळ साच्यावरून होड्या काढायच्या आणि बाहेरच्या बांधणाऱ्याला शिरकावच द्यायचा नाही. कॅनडाच्या ब्रूस कर्बी यांनी काढलेली लेझर ही एका माणसाची होडी अशीच. टोकियो ऑलिंपिकमध्ये २०२१ साली नेत्रा कुमानन आणि विष्णू सरवणन हे भारतीय स्पर्धक याच होडीच्या दोन प्रकारांत उतरले होते. स्टारने हा मार्ग घेतला नाही. कोणीही, कुठेही बांधावी, पण मोजून घ्यावी. होडी उलटी ठेवायची, आधाररेषा ताणायची, ठरावीक अंतरांवर फर्मे लावून बघायचे. साच्याचा मार्ग स्वस्त आणि निश्चिंत. मोजमापाचा मार्ग कटकटीचा, पण त्यात मक्तेदारी नाही.

आणि फर्म्याने आकार कळतो, वजन कुठे आहे ते कळत नाही. दोन होड्यांचे वजन सारखेच, पण एकीचे मध्यभागी गोळा झालेले आणि दुसरीचे टोकांकडे पसरलेले असेल, तर पहिली लाटांवर कमी हेलकावते आणि पुढे जाते. १९७० च्या दशकात ‘फिन’ या दुसऱ्या ऑलिंपिक होडीसाठी झिल्बेर लांबोले या फ्रेंच मापकाने यावर सुंदर तोडगा काढला. त्याने होडी टांगून लंबकासारखी झुलवली. टांगण्याचा बिंदू दोन वेगवेगळ्या उंचींवर ठेवून दोनदा आवर्तकाल मोजला की गुरुत्वमध्य आणि जडत्व आघूर्ण दोन्ही निघतात. फूटपट्टीच्या टोकांना एकदा आणि मध्याजवळ एकदा अशी दोन नाणी चिकटवून हा प्रयोग वर्गात करून पाहता येईल. फरक मनगटी घड्याळावरही कळतो.

ऑलिंपिकमध्ये स्टार १९३२ साली लॉस एंजेलिसला आली आणि १९७६ चा अपवाद सोडता २०१२ पर्यंत राहिली. त्या वर्षी तिच्याऐवजी इयन प्रॉक्टर यांची ‘टेम्पेस्ट’ ही नव्या काळाची, वेगवान कीलहोडी ठेवली होती. कॅनडात किंग्स्टनला झालेल्या त्या शर्यतीत ॲलन वॉरन आणि डेव्हिड हंट ही ब्रिटिश जोडी चौदावी आली. चार वर्षांपूर्वी त्यांनी याच वर्गात रौप्यपदक मिळवले होते. निराश होऊन दोघांनी आपली होडी पेटवून दिली. १९८० ला स्टार परत आली आणि सुवर्णपदक सोव्हिएत संघाच्या वालेंतिन मांकिनला मिळाले. त्याने १९६८ मध्ये फिन आणि १९७२ मध्ये टेम्पेस्टमध्येही सुवर्ण जिंकले होते. होड्या तीन, माणूस तोच. बहामाजसारख्या चिमुकल्या देशाचे पहिले ऑलिंपिक सुवर्णपदकही स्टारचेच. १९६४ मध्ये ते ड्यूरवर्ड नोल्स आणि सेसिल कुक यांनी मिळवले. नोल्स १९८८ साली पुन्हा उतरले, तेव्हा त्यांचे वय सत्तर होते. पैसा नव्हे, माणूस जिंकावा, ही मिडलटनची इच्छा इथपर्यंत तरी खोटी ठरली नाही.

पण माणूस मोकळा सोडला की त्याचे वजनही मोकळे सुटते. वर आपण केलेला हिशेब खलाशांना केव्हाच ठाऊक होता. होडी बांधली, शीड बांधले, तेव्हा काठावर टांगलेला दुसरा माणूस जड होत गेला, आणि उंच, वजनदार माणूस शोधणे हाच तयारीचा भाग झाला. शेवटी संघटनेला माणसेही तोलावी लागली. आज सुकाणू धरणाऱ्याचे वजन व किलो असेल तर त्याच्या साथीदाराचे वजन १०० + (१०० − व)/१.५ किलोंपेक्षा जास्त चालत नाही. सुकाण्यावरचा ७० किलोंचा असेल तर साथीदार १२० पर्यंत, ८५ किलोंचा असेल तर ११० पर्यंत. एक किलो मागे बसलेला आणि एक किलो काठावर लोंबणारा यांची किंमत सारखी नाही, हे त्या दीडच्या भागाकारात दडलेले आहे.

दरम्यान खर्च वाढतच गेला. बांधलेल्या घटकांच्या उरलेल्या फटींतून वेग काढायचा तर कापड, काठी, साचा सगळे उत्तमातले उत्तम लागते. दोरी आणि खिळ्याने आखलेली गरिबाची होडी श्रीमंतांची झाली. २०११ मध्ये आंतरराष्ट्रीय संघटनेने कीलच्या होड्या ऑलिंपिकमधून वगळायचे ठरवले. खर्चाचा आक्षेप आम्हाला खोटा वाटत नाही, पण हा निर्णय ब्राझीलच्या वाट्याला यावा हे विचित्रच. तोर्बेन ग्राएल याने १९९६ आणि २००४ मध्ये त्या देशाला स्टारचे सुवर्ण मिळवून दिले होते, आणि २०१६ ला रिओमध्ये ऑलिंपिक भरले तेव्हा पाण्यावर स्टार नव्हतीच. शेवटची ऑलिंपिक शर्यत ऑगस्ट २०१२ मध्ये इंग्लंडच्या दक्षिण किनाऱ्यावर वेमथला झाली. आघाडीवर असलेली इयन पर्सी आणि अँड्र्यू सिम्पसन ही ब्रिटिश जोडी त्या अखेरच्या शर्यतीत मागे पडली आणि सुवर्णपदक स्वीडनचे फ्रेड्रिक लोफ आणि मॅक्स सालमिनेन घेऊन गेले.

वर्गाच्या जागतिक स्पर्धा त्यानंतरही होत राहिल्या. शिडांवरचे क्रमांक साडेआठ हजारांच्या पुढे गेले आहेत. आइक स्मिथच्या बावीस होड्यांपैकी एखादी आजच्या स्टारशेजारी उभी केली तर लाकूड, काठी, शीड, दोऱ्या यांतले काहीच जुळणार नाही. दोघींना उलटे करून फर्मा लावला तर तळाचा तो उथळ कंस आणि त्याची धारदार कड तेवढी जुळेल.